यासीनचाचांच्या जिभेला न कळलेलं

अमळनेरच्या बाजारात यासीनचाचांचं जडीबुटीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच आमची रक्त-लघवी तपासायची लॅब. मी तिथे तंत्रज्ञ. मधली भिंत इतकी पातळ की अकरा वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांशी चाललेलं बोलणं मी सुई टोचता टोचता ऐकत आले. चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या जागेत आता दुसऱ्याच कोणी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलंय.

चाचा भित्रे होते, आणि ते स्वतःच तसं सांगायचे. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, बाहीची बटणं कायम लावलेली. सकाळी शटर उघडल्यावर आधी सगळ्या खणांवरून नजर फिरवायचे आणि मगच आत पाय टाकायचे. जणू आत ठेवलेल्या मुळ्यांपैकी एखादी रातोरात दुसरी कोणी झाली असेल. कुचला आणि बचनाग ही विषं ज्या खणात होती त्याला कुलूप होतं आणि त्याची किल्ली बनियनच्या आतल्या खिशात. दिवसातून चार-पाच वेळा त्यांचा हात छातीशी जायचा. नव्या माणसाला वाटायचं, चाचांना हृदयविकार आहे.

कोणी काहीही मागितलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "कोणासाठी? वय काय? डॉक्टरची कोणती गोळी चालू आहे?" सुंठ मागितली तरी हेच. गिऱ्हाईक वैतागायचं. एकदा एक मास्तर म्हणाले, "चाचा, मला सुंठ हवी आहे, पासपोर्ट नको." चाचा हसले नाहीत. "रक्त पातळ व्हायची गोळी घेता का?" असं विचारून उत्तर मिळाल्यावरच त्यांनी सुंठ दिली.

एकदा एक नवी नवरी आली. पाळी लांबलीय, सासूने काढा आणायला सांगितलाय, असं ती खाली बघून सांगत होती. चाचांनी काढा दिला नाही. "आधी शेजारच्या ताईंकडे तपासणी करा, मग या." ती माझ्याकडे आली. तपासणीत दिवस गेलेले निघाले. पोरगी आनंदाने रडत घरी गेली. मी चाचांना सांगायला गेले तर ते गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले होते.

"विचारलं नसतं तर, ताई?"

"पण विचारलंत ना."

"नसतं विचारलं तर?" ते पुन्हा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. झालेल्या चांगल्या गोष्टीचा त्यांना आनंद व्हायचा नाही. न झालेलं वाईट त्यांना समोर दिसत राहायचं.

माल आला की ते प्रत्येक पोत्यातलं थोडं थोडं मोडून, हुंगून जिभेवर ठेवायचे. बाळगुटीसाठी अतिविषाच्या कांड्या लागतात, नावात विष असलं तरी निरुपद्रवी. एका वर्षी अतिविषाचं पोतं आलं, दिसायला अगदी नीट. चाचांनी दोन-चार कांड्या चाखल्या, अस्सल होत्या. दुसरा कोणी असता तर पोतं खणात ओतून मोकळा झाला असता. चाचा दुपारभर बसून एकेक कांडी मोडून जिभेला लावत राहिले. संध्याकाळी ते लॅबमध्ये आले आणि त्यांना नीट बोलता येईना. ओठ बधिर झाले होते. पोत्यात बचनागाचे तुकडे मिसळलेले होते. तान्ह्या बाळाच्या गुटीत तसा एक तुकडा उगाळला गेला असता तर काय झालं असतं, हे मला त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पोतं त्यांनी नदीकाठी नेऊन जाळलं आणि धुराच्या दिशेला कोणी उभं राहू नये म्हणून स्वतः राखण करत थांबले.

"माझी जीभ म्हणजे माझी लॅब," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "तुमचं मशीन लाइट गेली की बंद पडतं. ही चालू राहते."

तेवढ्या एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता.

त्यांचा पुतण्या वाहिद धुळ्याला राहायचा. जिम आणि मेडिकलच्या दुकानांना पावडरी, कॅप्सूल पुरवायचं काम करायचा. हुशार, बोलका, काकांवर जीव असलेला मुलगा. एका पावसाळ्यात तो गुडघेदुखीच्या पावडरीचे डबे घेऊन आला. हिरवा डबा, वर पानांचं चित्र, खाली बारीक अक्षरात ‘आहारपूरक’ आणि एक लांबलचक नंबर.

"हे औषध आहे का?" चाचांनी विचारलं.

"औषध नाही हो काका. फूड आहे फूड. सप्लिमेंट. याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, काही लागत नाही."

"मग गुडघा कसा बरा करतं?"

"तुम्ही सुंठ-मेथी देता ती कशी करते?"

चाचांनी डबे ठेवून घेतले. तरी दोन महिने त्यांनी डबे फळीवर मांडले नाहीत. गिऱ्हाइकं मात्र बाहेरून ऐकून यायची आणि नावाने मागायची, नाही म्हटलं की समोरच्या किराणा दुकानातून घेऊन जायची. शेवटी चाचांनी एक डबा फोडला. जिभेवर ठेवला. सुंठ कळली, मेथी कळली, शल्लकीचा डिंक कळला, थोडी हळद. वावगं काही नव्हतं. मग आठ दिवस त्यांनी स्वतः ती पावडर घेतली. त्यांचे गुडघे वीस वर्षांपासून दुखत होते. नमाज खुर्चीवर बसून व्हायचा. नवव्या दिवशी ते जमिनीवर बसले आणि कोणाच्या आधाराशिवाय उठले. मला बोलावून दाखवलं त्यांनी, लहान मुलासारखं, दोनदा.

त्यानंतर डबे फळीवर आले, आणि चाचांची स्वतःची रोजची पावडरही चालूच राहिली.

मारवडच्या बाजूच्या एका खेड्यातली वत्सलाअक्का त्यांची जुनी गिऱ्हाईक. साठीची, सडपातळ, कापूस वेचायला जाणारी. तिचा पहिला डबा संपला तेव्हा ती गुडघे थांबल्याचं सांगायला हसत आली. भिंतीपलीकडून मला दोघांची अहिराणी ऐकू आली.

"आते कसं शे, अक्का?"

"बठ्ठं बरं शे, भाऊ. मी आते कापूस येचाले जास. आनखी एक डबा दे."

चाचांनी तिला दर वेळी तीन प्रश्न विचारले आणि दर वेळी डबा दिला. दिवाळीपर्यंत अक्का गोल झाली. तोंड भरलं, गाल लाल झाले, हातावर कुठेही काळेनिळे डाग पडू लागले. लोक म्हणायचे, अक्काला पावडर मानवली. माझ्याकडे तिची साखर तपासायला आली तेव्हा ती बरीच वाढलेली निघाली. त्या दोन-तीन महिन्यांत तशा आणखी काही बायका आल्या होत्या, सगळ्यांची तोंडं वाटोळी. मला काहीतरी खटकलं होतं. पण मी रिपोर्टवर आकडा लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं. ते मी अजून विसरलेले नाही.

मग वाहिदकडून माल येणं थांबलं. वरूनच येत नाही, म्हणाला. तीन आठवडे डबे नव्हते. अक्का दोनदा हेलपाटा घालून गेली. तिसऱ्या आठवड्यात ती शेतात वेचणी करता करता खाली बसली आणि उठलीच नाही. मुलाने रिक्षात घालून आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आणली. डॉक्टर म्हणजे बाई, तरुण, फार न बोलणाऱ्या. रक्तदाब लागत नव्हता. रक्त माझ्याकडे आलं. सोडियम इतकं खाली की मशीन चुकलं म्हणून मी पुन्हा लावलं. आकडा तोच आला.

डॉक्टरबाईंनी मुलाला विचारलं, "काय घेत होत्या या?" त्याने रिकामा हिरवा डबा काढून टेबलावर ठेवला.

अक्का वाचली. चार दिवस सलाइनवर होती, पण वाचली. डब्याच्या तळाशी उरलेली चिमूटभर पावडर आणि दुसऱ्या एका पेशंटचा अर्धा डबा डॉक्टरबाईंनी नाशिकच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. पावडरीत स्टेरॉइड होतं, चांगलं भरभक्कम. त्यांनी मला समजावून सांगितलं. बाहेरून हे मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं विसरतं. मग बाहेरचं अचानक थांबलं की माणूस कोसळतो. मोठा आजार नको, साधा ताप, एखादी पडझडही पुरते.

मी खाली चाचांकडे धावले. वाटलं होतं, त्यांना हे पहिल्यांदा मी सांगणार. पण अक्काचं कळल्यापासून त्यांनी आपल्याच मनाने ठरवून टाकलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, ती पावडर आजपासून बंद करा, हातही लावू नका. किती जणांना सांगितलं, विचारल्यावर म्हणाले, "सात-आठ जण. बरं केलं ना?"

मी त्यांना कागद वाचून दाखवला. मग सांगितलं की एकदम बंद करणंच धोक्याचं आहे.

चाचा खाली बसले. जमिनीवरच.  मग ते बोलले ते अक्काबद्दल नव्हतं, त्या सात-आठ जणांबद्दलही नव्हतं. "पण मी चाखली होती ताई. चाखूनच ठेवली होती."

"हे चवीला कळत नाही, चाचा."

त्यांनी जीभ बाहेर काढून बोटाने पुसली. दोनदा. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. चाचांनी पाठकोऱ्या कागदावर आठवून आठवून नावं लिहिली होती. त्यांनी कधी कोणाची नावं टिपून ठेवली नव्हती, पण तीन प्रश्नांमुळे माणसं लक्षात राहिली होती. कोणाचं वय, कोणाची रक्तदाबाची गोळी, कोणाची म्हातारी आई. एकतीस जण झाले, त्यातल्या एका बाईचं नावच नव्हतं. पावडर एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, अशी डॉक्टरबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली, तिच्या प्रती काढल्या आणि चाचा एस.टी.ने निघाले. रोज सकाळी एका दिशेला. काही खेड्यांत त्यांना फक्त ‘शेवग्याजवळचं घर’ एवढंच आठवत होतं. आणि स्वतःची स्टेरॉइडची गोळी, डॉक्टरबाईंनी हळूहळू कमी करायला दिलेली, कागदात बांधून त्याच छातीवरच्या खिशात, किल्लीशेजारी.

पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण बायका घरात एकट्या असल्या तर ते उंबऱ्याबाहेरच थांबायचे आणि मोठ्याने बोलायला लाजायचे.  दार उघडून माणूस चालत बाहेर आला की ते भिंतीला हात टेकायचे. एका घरी कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हातारीला जळगावला दवाखान्यात नेलंय. परतताना चाचांनी मला न सांगता बसस्टँडवरूनच जळगावची गाडी धरली. म्हातारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली होती. तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवूनच ते परत आले.

बहुतेक लोकांनी शिव्या दिल्या नाहीत. याचंच त्यांना जास्त लागायचं. वत्सलाअक्काला भेटायला गेले तर ती खाटेवर उठून बसली.

"तू काय जानीबुजी दिधं का, भाऊ?"

"नही अक्का."

"मंग जाऊ दे."

"कसं जाऊ दे?" चाचा म्हणाले. 

सरकारी कार्यालयात तक्रार द्यायला ते आपण होऊन गेले. जाताना पिशवीत एक लुंगी, चष्म्याचं घर आणि गोळ्या होत्या. अटक होणार अशी त्यांची खात्री होती. तिथल्या साहेबांनी त्यांना बसवलं, चहा दिला, डबा उलटसुलट पाहिला. औषध असतं तर एक कलम, खाण्याची वस्तू म्हणून विकलेलं असेल तर दुसरं, त्यामुळे कागद दोन टेबलांवरून जाईल, म्हणाले. चौकशी झाली. डब्यावरच्या पत्त्यावर कुठलाही कारखाना नव्हता, बंद पडलेलं एक झेरॉक्सचं दुकान होतं. वाहिदचा जबाब झाला. तो खरंच काही जाणत नव्हता, त्यालाही कोणीतरी वरून पुरवत होतं. तो चाचांच्या पाया पडला. चाचांनी त्याला उठवलं, पण त्यानंतर त्याच्याशी बोलताना ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धुळ्याला एका मंगल कार्यालयात जडीबुटीवाले, वैदू, आयुर्वेदिक दुकानदार यांची सभा होती. पावडरी, कॅप्सूल, काढे, सगळ्यांना तपासणी आणि नोंदणी सक्तीची होणार अशी चर्चा होती. विरोधाचा ठराव करायचा होता. चाचांनी मला बरोबर नेलं. "प्रयोगशाळेच्या कागदावरचं इंग्रजी कोणी विचारलं तर तुम्ही सांगा."

वक्ते चिडलेले होते आणि त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. सातपुड्यातून आलेला एक वैदू म्हणाला, "डोंगरातून मुळी आणतो मी. तिचं सर्टिफिकेट कुठून आणू? मोठ्या कंपनीवाले आणतील. म्हणजे माझी मुळी बंद आणि त्यांचा डबा चालू." टाळ्या पडल्या. चाचांनीही वाजवल्या. मग ते उठले.

त्यांना माइक धरता येत नव्हता. "हा भाऊ बोलला ते बरोबर आहे," ते म्हणाले. "तपासणी आली तर माझं दुकान टिकेल असं मला वाटत नाही. मला त्याची भीती वाटते. पण मी एकतीस जणांना विष दिलं. चाखून दिलं. पन्नास वर्षं या जिभेवर विश्वास ठेवला, तिला कळलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या जिभेला कळत असेल तर त्याने ठरावाला हात वर करावा. मी करणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही विकलंत आणि आता आम्हाला शहाणपण शिकवता?"

"हो," चाचा म्हणाले. "मीच विकलं." आणि खाली बसले.

ठराव मंजूर झाला. बाहेर चपला शोधताना तो सातपुड्याचा वैदू जवळ आला. त्याने शर्टातून एक हिरवी पुडी काढली, दुसऱ्या कुठल्यातरी नावाची. "गावात सगळे घेऊ राह्यले. मीपण ठेवतो. जरा बघता का?" चाचांनी पुडी हातात घेतली, हुंगली आणि परत दिली. "मला नाही कळत, भाऊ," म्हणाले. 

एकतीसपैकी तीस जण सापडले. राहिली एक बाई. ती एका मंगळवारी आली होती. मंगळवारी आमच्या गावच्या देवळात दर्शनाला येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांची गर्दी असते, दुकानासमोर माणसं उभी. चाचांनी तीन प्रश्न सुरू केले तर ती म्हणाली होती, "काहून हो भाऊ, इतकं काय इचारू राह्यले? मले गाडी पकडायची हाय." चाचांनी घाईत प्रश्न सोडून दिले आणि तिने तीन डबे एकदम नेले. नाव नाही, गाव नाही. बोलीवरून सावदा-रावेरकडची, आणि पिशवीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, एवढंच त्यांना आठवत होतं. "तिघांना पुरेल की एकटीलाच," ते मला विचारत राहायचे. "तीन डबे म्हणजे किती महिने, ताई? संपले असतील का? आज संपत असतील का?" मी म्हणायचे, तिने दुसरीकडून घेतले असतील, किंवा सोडूनच दिले असतील. "विचारलं असतं तर," ते म्हणायचे. 

दुकान त्यांनी अर्धा दिवसच उघडायला सुरुवात केली. आठवड्यातून दोनदा ते सकाळच्या गाडीने सावदा-रावेरकडे तिला शोधत जायचे. डॉक्टरबाईंनी त्यांना बजावलं होतं की तुमचं स्वतःचं शरीर अजून सावरलेलं नाही, दगदग आणि ताप दोन्ही टाळा. ते मान हलवायचे आणि जायचे.

मार्गशीर्षात मी माहेरी रावेरला निघाले होते. फैजपूर सोडून गाडी सावद्याला थांबली. रस्त्याच्या कडेला केळीचे घड ट्रकमध्ये भरणं चाललं होतं. बायका पाल्यावर बसून घड पुसत होत्या. त्यांच्यात चाचा उभे होते. अंगावर जाड स्वेटर, डोक्याला मफलर, आणि मधूनच खोकत होते. हातात रिकामा हिरवा डबा. ते एकेका बाईपुढे जरा वाकून डबा दाखवत होते, काहीतरी विचारत होते, आणि बाई मान हलवून पुन्हा कामाला लागत होती. मी खिडकी सरकवायला गेले, ती अडकलेली. मी काचेवर हात मारला. एका बाईने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि रस्त्यापलीकडच्या घरांकडे बोट केलं. चाचा तिकडे वळले. दोन्ही बाजूंनी गाड्या येत होत्या, आणि ते रस्त्याच्या कडेला पाय पुढे टाकत, मागे घेत थांबले होते. गाडी सुटली तेव्हा ते अजून या बाजूलाच होते.

मी परत आले त्याच्या आदल्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले होते. त्या घरात कोण सापडलं, सापडलं की नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.